दिवेआगर ते पुणे, काळ्या काचेतून

त्या रविवारी आम्ही दिवेआगरच्या खानावळीत मोदकांची वाट बघत बसलो, आणि ताम्हिणीतला अंधार तिथेच आमच्या वाट्याला आला. मोदक पानात पडले दोनला. वर सोलकढी, मग सुपारीच्या वाडीत जरा पाय मोकळे करणं, मग बायकोला कोकम आगळ घ्यायचं आठवलं. गाडीला किक मारली तेव्हा तीन वाजून गेले होते. डिसेंबरचे दिवस, सूर्य सहाला बुडणार, आणि आमच्या पुढ्यात म्हसळा, माणगाव, विळे, ताम्हिणी, मुळशी, पौड असा चांदणी चौकापर्यंतचा साधारण १६५ किलोमीटरचा रस्ता.

तरीही मी निवांत होतो. डोक्यावरच्या हेल्मेटला आठवड्यापूर्वीच नवी काच बसवून घेतली होती. काळी, ज्याला दुकानदार ‘स्मोक’ म्हणतात ती. जाताना तिने अगदी पैसे वसूल केले होते. सकाळी ताम्हिणी उतरल्यावर ऊन समोरून आलं तरी डोळे मिचकवावे लागले नाहीत. दुकानात मी विचारलं होतं, ‘रात्री कशी चालेल?’ त्यावर ‘काही प्रॉब्लेम नाही, उलट समोरचा अप्पर लागत नाही,’ असं उत्तर आलं होतं. अप्पर म्हणजे समोरच्या गाडीच्या दिव्याचा वरचा, डोळे दिपवणारा झोत. दुकानात ट्यूबलाइट होती. ट्यूबलाइटखाली सगळ्याच काचा चांगल्या दिसतात.

माणगावपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. साई, मोर्बा करत रस्ता येतो, वळणं छान आहेत. माणगावात राष्ट्रीय महामार्ग ६६ गाठला की मात्र रविवारची मुंबईकडे परतणारी रांग बाजारपेठेतच भेटते. आमची चाळीस मिनिटं तिथे गेली. निजामपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते.

काळ्या काचेबद्दल सगळे रात्रीचं बोलतात. रात्री निदान आपल्याला कळतं तरी की दिसत नाहीये. ती फसवते तिन्हीसांजेला. उजेड इतका हळूहळू कमी होतो की डोळा सवय करून घेत राहतो आणि आपण त्याच वेगात पुढे जात राहतो. आकाश अजून नारिंगी असतं, त्यामुळे ‘उजेड आहे की’ असं वाटतं. पण रस्ता, त्याच्या कडेची माती आणि झाडांची सावली यांचा एकच तपकिरी लगदा झालेला असतो. निजामपूर सोडल्यावर एका वळणावर बायकोने माझ्या खांद्यावर जोरात चापट मारली. पुढे डाव्या कडेने डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली बाई चालत होती. मला ती दिसलीच नव्हती. मागे बसलेल्या बायकोच्या हेल्मेटला साधी पांढरी काच होती, तिला ती केव्हाच दिसली होती. मी पन्नासच्या वेगात होतो. आम्ही त्या बाईच्या बाजूने दोन हातांवरून गेलो.

काच वर केली. डोळ्यांपुढचा पडदा ओढल्यासारखा सगळा रस्ता एकदम उजळला, तेव्हा कुठे कळलं की आपण किती अंधारात चालवत होतो. पण वर केलेली काच हा उपाय तात्पुरताच. पन्नासच्या वर डोळ्यांतून पाणी येतं. पुढे एमआयडीसीचे ट्रक होते, त्यांची धूळ आणि खडीची कणी थेट तोंडावर. आणि मग एका खड्ड्यात गाडी आपटली तशी काच आपोआप खट्‌ करून खाली पडली. नव्या काचेचे खाचे नीट बसले नव्हते. समोरून टेम्पो येत होता, त्याचा दिवा तेवढा दिसला, बाकी सगळं गायब. हात वर नेऊन काच उचलेपर्यंत दोन सेकंद गेले असतील. पन्नासच्या वेगात दोन सेकंद म्हणजे जवळपास अठ्ठावीस मीटर, एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी बसेसपेक्षा जास्त. तेवढं अंतर मी आठवणीवर चालवलं.

विळ्याला टपरीवर थांबलो. सहा वाजून गेले होते.

‘माझं हेल्मेट घाल ना,’ बायको म्हणाली. सुचलं छान. पण माझं डोकं मोठं, तिचं हेल्मेट एका मापाने लहान. कान दुमडून, गाल दाबून ते कसंबसं अर्ध्या डोक्यावर बसलं, कपाळावरून खाली येईना. टपरीवाल्या मावशी हसायला लागल्या. नुसती काच तरी बदलावी, तर दोन हेल्मेटं दोन कंपन्यांची, खाचे वेगळे. दोघांची हेल्मेटं एकाच मॉडेलची असती तर त्या वेळी काम झालं असतं. आकाराला लहान-मोठं हेल्मेट असलं तरी एका मॉडेलच्या काचा बऱ्याचदा सारख्याच असतात. नवी जोडी घेणाऱ्यांनी एवढं दुकानात बसवून बघावं.

मग बाकावर चहा पीत बसलेल्या एकाने मार्ग काढला. तो बाजूच्या भागाड एमआयडीसीत कामाला, शिफ्ट संपवून बसची वाट बघत होता. त्याने बॅगेतून ग्राइंडिंगला घालतात तो पारदर्शक प्लॅस्टिकचा गॉगल काढला. ‘घ्या दादा, माझ्याकडे दुसरा आहे. वर घाटात काळ्या काचेने जाऊ नका.’ पैसे घ्यायला तयार नव्हता, शेवटी त्याच्या चहा-वडापावचे पैसे मी मावशींच्या हातात कोंबले. असा गॉगल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. आता माझ्या टँक बॅगेत कायम एक असतो. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसेल असा रुंद घ्यावा.

काळी काच वर ठेवण्याऐवजी तिथेच काढून टाकली आणि बायकोच्या स्टोलमध्ये गुंडाळून बॅगेत घातली. हे काढणं जमतं का ते घरी करून बघितलेलं असावं. माझ्या हेल्मेटला काच पूर्ण वर नेली की बाजूला एक छोटी खटकी येते, ती दाबून काच बाहेर ओढायची, दुसऱ्या बाजूलाही तसंच. काही हेल्मेटना स्क्रू असतो आणि तो नाण्याने फिरतो. थंडीने बोटं आखडली, अंधार पडला आणि मोबाइल तोंडात धरून टॉर्च मारायची वेळ आली की खटकी सापडत नाही. बायकोने उजेड धरला म्हणून पाच मिनिटांत झालं.

विळे सोडलं की घाट सुरू होतो आणि दिवे संपतात. जंगल आहे, मधूनच वस्ती, मोबाइलची रेंज येते-जाते, पेट्रोल पंपाच्या भरवशावर तर राहूच नका, माणगावातच टाकी भरून घ्या. गॉगल घालून चेहरा उघडा ठेवून चालवण्याचे भोग वेगळे. हेडलाइटच्या झोतात किडे पाऊस पडावा तसे दिसतात आणि त्यातले निम्मे गालावर येतात. ओठ मिटून ठेवायचे. मी रुमाल नाकावरून बांधला, पण मग श्वासाची वाफ वर जाऊन गॉगल धुरकट व्हायला लागला. रुमाल नाकाखाली आणला तेव्हा जमलं. चाळीसच्या वर गेलो नाही. चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, साठला जवळपास सतरा. डिपरवर, म्हणजे दिव्याच्या खालच्या झोतात, मला वळणातलं पुढचं पंचवीस-तीस मीटरच नीट दिसत होतं. साठने गेलो असतो तर दचकून ब्रेकला हात लावेपर्यंतच त्यातलं निम्मं संपलं असतं.

डोंगरवाडीच्या आधी एक एसटी पुढे होती. ड्रायव्हर रोजच्या रस्त्यावरचा असणार, वळणं घेण्यात कसलीही घाई नाही. तिच्या मागे चांगलं अंतर ठेवून राहिलो. तिच्या दिव्यांनी पुढचं वळण कुठे जातंय ते आधीच कळायचं आणि तिचे ब्रेकलाइट लागले की आपणही सावध. मात्र जवळ चिकटू नये. एसटी खड्डा दोन चाकांच्या मधून नेते, तो तिच्या पोटाखालून थेट आपल्यासमोर निघतो. एक तसा मी खाल्ला.

‘समोरचा अप्पर लागत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य घाटभर डोक्यात फिरत होतं. खोटं नाही ते, अर्धं आहे. काळी काच समोरच्या गाडीचा झोत जितक्या पटीने कमी करते, तितक्याच पटीने रस्त्यावरची म्हैस, दगड आणि बिनदिव्याची ट्रॉलीही कमी करते. झोत कितीही कमी केला तरी दिसतो. म्हैस आधीच काळोखात जेमतेम दिसत असते, तिच्या वाट्याचा उजेड आणखी कापला की ती नाहीशीच होते. पिवळ्या चष्म्याचंही तसंच. रस्ता उजळ वाटतो, पण तोही उजेड गाळतोच. समोरून अप्पर आला की मी वेग सोडतो, नजर त्या दिव्यावरून काढून आपल्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर नेतो, पट्टी नसेल तर रस्त्याच्या कडेवर. आणि पंचेचाळिशी उलटलेल्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं. वय वाढतं तसा अंधारात डोळ्याला जास्त उजेड लागतो. आपण तो काच लावून कमी करत बसतो.

गाडीच्या काचांचा नियम आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे, पुढून-मागून ७० टक्के, बाजूने ५० टक्के उजेड आत यायला हवा. फिल्म लावली की पोलीस अडवतात. हेल्मेटच्या काचेकडे मात्र आपण फॅशन म्हणून बघतो. युरोपच्या मानकानुसार ज्या काचेतून ८० टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत येतो, तिच्यावर ‘फक्त दिवसा वापरासाठी’ अशी खूण कोरावी लागते. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआयची खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. पण ती खूण बघून हेल्मेट घ्यायचं आणि नंतर वेगळी काळी काच आणून त्याच्यावर बसवायची, हा आपला उद्योग. मीही तेच केलं होतं. घरी आल्यावर ती काच उजेडात धरून तपासली, कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

मुळशी धरणाच्या काठाने गारठा असा लागला की गॉगलच्या आत पुन्हा वाफ धरली. थांबलो की धरते, चालू लागलो की जाते, म्हणून शेवटी थांबणंच टाळलं. पौडला दिव्यांचा उजेड दिसला तेव्हा बायकोने मागून पाठ थोपटली. तिथे मिसळ खाल्ली, आरशात बघितलं तर गालांवर चिलटांचे ठिपके. पुढे पिरंगुट, भूगाव, ट्रॅफिक. घरी पोचायला पावणेदहा झाले.

दुसऱ्या दिवशी पारदर्शक काच आणली, पाचशेच्या आत आली. हेल्मेटला आता तीच कायम, आणि काळी काच जुन्या जाड सॉक्समध्ये घालून बॅगेत. उन्हाला वाटलं तर काळी चढवतो, चार वाजले की उतरवतो, मग आकाश कितीही लख्ख असो. रोज उतरवण्याचा कंटाळा असेल त्यांनी आतून खाली-वर होणारी काळी पट्टी असलेलं हेल्मेट बघावं, एका बोटाने काम होतं. नुसता उन्हाचा गॉगल पारदर्शक काचेच्या आत घातला तरी चालतं, संध्याकाळी तो खिशात जातो. पारदर्शक काचही चरे पडलेली असेल तर रात्री तिचा उपयोग नाही, समोरचा प्रत्येक दिवा चांदणीसारखा फुटतो. ती कोरड्या फडक्याने घासायची नाही. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, किडे भिजू द्यायचे, मग साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने. पेट्रोल तर लावायचंच नाही, खिडक्या पुसायचा निळा स्प्रेही नाही.

आणि दिवेआगरला जाणार असाल तर मोदकांची ऑर्डर सकाळी उतरल्या उतरल्या देऊन ठेवा. बाराला पानावर बसलात तर एकला निघता येतं, माणगावची रांग लागायच्या आधी तुम्ही निजामपूरच्या रस्त्याला असता, आणि घाट उजेडात संपतो. आम्हाला मोदक दोनला मिळाले. होते मात्र फार सुंदर, कळ्या अगदी एकसारख्या पाडलेल्या.