संघाच्या खात्यावरची सही

निवडणूक बिनविरोध झाली, नवी कार्यकारिणी आली, पेढे वाटले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ज्येष्ठ नागरिक संघात पदं घ्यायला कुणी फारसं पुढे येत नाही, त्यामुळे 'तुम्ही पोस्टात होतात, तुम्हाला हिशेब जमतो' एवढ्या भांडवलावर मला खजिनदार केलं. मला लिहायचंय ते पुढच्या भानगडीबद्दल. खातं संघाचं, पैसे संघाचे, पासबुक माझ्या कपाटात, आणि कित्येक महिने त्यातला एक रुपया बाहेर येईना. अजून आठवलं की डोकं तापतं. म्हटलं, लिहून टाकावं, दुसऱ्या एखाद्या संघाचा तरी ताप वाचेल.

संघ म्हटलं की लोकांना वाटतं भजन, वाढदिवस आणि सहल. तेही करतोच. गेल्या हिवाळ्यात नृसिंहवाडी आणि खिद्रापूर करून आलो. कोपेश्वराच्या देवळात आप्पा, म्हणजे आमचे आताचे अध्यक्ष, एकेका मूर्तीपुढे इतके रेंगाळले की बसवाला हॉर्न वाजवून दमला. पण संघाचं मुख्य काम वेगळं आहे. वसाहतीत जे एकेकटे राहतात त्यांना रोज सकाळी एक फोन जातो. फोन करणाऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. दोनदा फोन उचलला नाही की जवळच्या सभासदाने जाऊन दार वाजवायचं. शिवाय कुणाला दवाखान्यात सोबत, कुणाची औषधं, कुणाचं वीजबिल. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यांचं शिबिर. हल्ली मोबाइलपुढे चेहरा धरून दाखला निघतो, त्यात पापण्यांची उघडझाप करावी लागते. आमची मंडळी फोटो म्हटलं की डोळे वटारून स्तब्ध बसतात. 'अहो पापणी हलवा, पापणी!' असा ओरडा त्या हॉलमध्ये दिवसभर चालू असतो.

ह्या सगळ्याला पैसा फार लागत नाही, पण लागतो. रिक्षाभाडं, शिबिराच्या दिवशीचा चहा-पोहे, हॉलची सफाई, कुणाला अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं तर तात्पुरती अनामत. तो पैसा वर्गणीतून जमतो आणि बँकेत राहतो.

खात्यावर दोघांच्या सह्या लागायच्या, जुने अध्यक्ष आणि जुने खजिनदार. अध्यक्ष मुलाकडे बंगळूरला गेले आणि तिथलेच झाले. खजिनदार काका दिवाळीच्या आधी वारले. आम्ही सरळ माणसं, बँकेला लगेच लेखी कळवलं. त्या दिवसापासून खातं गोठलं.

गोठलं म्हणजे फक्त आमच्यासाठी. भरायला काहीच अडचण नव्हती. वर्गणीचे चेक हसतमुखाने घेत होते. एसएमएसचे पैसेही दर तिमाहीला बिनबोभाट कापले जात होते, आणि ते एसएमएस जात होते वारलेल्या काकांच्या मोबाइलवर. काकू मला फोन करून विचारायच्या, 'अगं, ह्यांच्या फोनवर बँकेचं काहीतरी आलंय, काही भरायचंय का?' नंबर बदला म्हणून अर्ज केला तर उत्तर आलं, सह्या करणारे दोघे येऊ देत.

आता कायद्याचं थोडं. आमचा संघ इतर बहुतेक संघांसारखाच दुहेरी नोंदणीचा, म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्यात एक निवृत्त वकीलसाहेब आहेत, त्यांनी तो एका बैठकीत तयार केला. सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं, काकांच्या मृत्यूचा दाखला, जुन्या अध्यक्षांचा राजीनामा, प्रतिज्ञापत्र. हा टप्पा सुरळीत झाला. (इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक, दोघांची पूर्ण नावं असू द्या. नुसतं 'ठराव एकमताने मंजूर' लिहायची सवय सगळ्या संघांना आहे, ती सोडा.)

२०१७ मध्ये ह्या कलमात एक चांगली दुरुस्ती झाली. विश्वस्त बदलले असतील तर उपआयुक्त किंवा सहायक आयुक्त कामाच्या १५ दिवसांत बदल तात्पुरता मान्य करून हरकतींसाठी नोटीस काढू शकतात. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कुणाची हरकत आली नाही, तर तोच आदेश अंतिम होतो आणि नोंदवहीत नोंद घेतली जाते. आम्हाला असा आदेश मिळाला. मुदत संपली, हरकत कुणाची नव्हती. असणार तरी कुणाची? पद नको म्हणून पळणारी माणसं आम्ही!

तो आदेश घेऊन मी बँकेत गेले आणि तिथे गाडी रुतली.

साहेबांनी आदेश वाचला, 'तात्पुरता' ह्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. 'मॅडम, हा प्रोव्हिजनल आहे. फायनल आणा.'

मी म्हटलं, मुदत संपली, हरकत आली नाही, आता हाच फायनल.

'तसं कुठे लिहिलंय?'

कायद्यात लिहिलंय. मी कलमाची झेरॉक्स सोबत नेली होती, तीही दाखवली.

'आम्हाला तसं सर्क्युलर नाही.'

चौतीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे. सर्क्युलर नसलं की आतला माणूस किती घाबरतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे सुरुवातीला मी साहेबांची बाजूच घेतली. चूक झाली तर त्यांच्याच मानेवर येणार. पण आतल्या माणसाचा एक धर्म असतो. आपल्याला कळत नसेल तर वर विचारायचं, आणि समोरच्याला तारीख द्यायची. इथे तारीख नव्हती. 'लीगलला पाठवतो' म्हणाले. पुढच्या वेळी गेले तर फाईल लीगलला. त्याच्या पुढच्या वेळी लीगलहून यायची होती. मग साहेब रजेवर. मग तिमाहीअखेर. एकदा तर टेबलावर वेगळाच माणूस होता, त्याने कौतुकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मग असं करा, तुम्ही फायनल ऑर्डर घेऊन या.'

फायनल ऑर्डर नावाचा वेगळा कागद निघतच नाही हो! आदेश आपोआप अंतिम होतो, एवढंच तर कायदा म्हणतो. जो कागद अस्तित्वात नाही तो मी आणायचा कुठून?

मधेच एक दिवस आप्पांना घेऊन बोलावलं, नमुना सह्यांसाठी. मला वाटलं, सुटलो. आप्पा ८२ वर्षांचे, उजवा हात कापतो. कार्डावर तीन सह्या करायच्या होत्या. पहिलीत आडनाव चौकटीबाहेर गेलं, दुसरीत मधलं अक्षर राहिलं, तिसरी बरी आली, पण पॅनकार्डावरच्या सहीशी तिचा काही संबंध नव्हता. साहेब एकदा पॅनकार्डाकडे, एकदा कार्डाकडे बघतात. आप्पांनी पेन खाली ठेवलं, पंजा दोनदा उघडला-मिटला, आणि म्हणाले, 'आणखी एक कार्ड द्या, करतो.' दुसरं कार्ड दिलं, तेही तसंच. शेवटी शेजारच्या टेबलावरची तरुण मुलगी उठून आली. म्हणाली, 'आजोबा, आत्ता जशी येते तशीच करा. नमुना आजचाच असतो ना? इथून पुढे चेक ह्याच्याशीच जुळवायचा.' इतकी साधी गोष्ट. पॅनवरची सही वेगळी असल्याबद्दल एक साधं घोषणापत्र घेतलं आणि ते काम मिटलं. सह्यांची कार्डं मात्र तशीच फाईलला लागून राहिली, कारण 'फायनल' अजून यायचं होतं.

माझं मत आप्पांनाही सांगितलंय, त्यांना पटलंय: ऐंशीनंतर अध्यक्ष जरूर व्हा, चेकवरची सही दुसऱ्याला द्या. आणि दोन सह्यांवर खातं कधीच ठेवू नका. तीन नावं द्या, 'तिघांपैकी कोणतेही दोन' असा ठराव करा. आपल्या वयाच्या संस्थेत दोन सह्या म्हणजे जुगार आहे.

ह्या काळात संघ चालला कसा? रोख वर्गणी आणि सभासदांच्या खिशावर. कोजागिरीचं दूध गवळ्याने उधारीवर दिलं. रिक्षाभाडी ज्याची त्याने भरली. फोनची फेरी एकही दिवस चुकली नाही, तिला पैसा लागत नाही म्हणून. मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. एका सभासद आजींना पडल्यामुळे रात्री अ‍ॅडमिट करावं लागलं, मुलगा परदेशात. अनामत भरायला आम्ही चौघांनी पैसे काढले. पैसे परत मिळाले, त्याचं काही नाही. पण नेमक्या ह्याच कामासाठी जमवलेला निधी त्या बँकेत सुखरूप निजलेला होता.

मग मी टपालखात्याचा बाणा दाखवला. आजवर सगळं तोंडी चाललं होतं. आता अर्ज लिहिला, एका पानाचा. कोणत्या तारखेला कोणते कागद दिले, कलम २२ ची तरतूद काय, आणि शेवटी एकच विनंती: नेमका कोणता कागद कमी आहे ते लेखी कळवा. शाखेत दिला तर पोच द्यायला तयार नाहीत, 'आम्ही शिक्का देत नाही, मेल करा' म्हणे. ठीक आहे. मेल केला आणि कागदही पाठवला. नोंदणी टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं, पण पोहोचल्याचा पुरावा स्पीड पोस्टातही मिळतो आणि तेवढा पुरे. एक प्रत शाखेला, एक बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. शेवटच्या ओळीत लिहिलं, '३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागू.' ही धमकी नाही, पद्धतच आहे. लोकपालाची एकत्रित योजना २०२१ पासून आहे, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी आणि ३० दिवस वाट पाहायला हवी. त्याआधी गेलात तर तक्रार परत येते. फी काही नाही, वकील लागत नाही.

लोकपालापर्यंत जावंच लागलं नाही. मुदत संपायच्या आधीच फोन आला. आवाज इतका गोड की चुकीचा नंबर लागला असं वाटलं. लीगलचं उत्तर आलं होतं: परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत द्या, त्यात नव्या नावांची नोंद असली की पुरे. बस्स? हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा तो उतारा. नोंद तोवर झालेली होती, नक्कलेचा अर्ज करून प्रत आणली. म्हणून तुम्हाला सांगते, 'फायनल ऑर्डर' ह्या शब्दाच्या मागे लागू नका. मुदत संपून नोंद झाली की थेट परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत काढा, आणि दोन काढा, बँक एक ठेवून घेते.

त्यानंतर दर्पण निघालं. नीती आयोगाचं दर्पण नावाचं पोर्टल आहे, स्वयंसेवी संस्थांची नोंद त्यावर लागते. साहेब म्हणाले, तुमची नोंद नाही. नियमाप्रमाणे संस्थेची नोंद नसेल तर बँकेने करायची असते, हे मी आता बोलू शकत होते, पण बोलले नाही. दमले होते. वकीलसाहेबांच्या नातवाने एका संध्याकाळी ती करून टाकली. संस्थेचं पॅन आणि पदाधिकाऱ्यांचे आधार-पॅन जवळ घेऊन बसा, आणि ओटीपी येतील तेव्हा पदाधिकारी फोनजवळ असू देत. आमचे सहसचिव नेमके फिरायला गेले होते.

आता खातं चालू आहे. आप्पा, मी आणि कार्यवाह, कोणतेही दोन. काकूंच्या फोनवरचे मेसेज बंद झाले. पहिल्याच चेकने गवळ्याची उधारी मिटवली. गेल्या गुरुवारच्या सभेला त्याच शाखेतून एक मुलगा ज्येष्ठांसाठीच्या मुदतठेवींची पत्रकं घेऊन आला होता. त्याला चहा दिला, पत्रकं ठेवून घेतली.

एक राहिलंच. सभासदांनी खिशातून घातलेले पैसे परत देताना कार्यकारिणीचा ठराव करून चेकनेच द्या, आणि प्रत्येकाकडून व्हाउचरवर सही घ्या. हिशेब ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत तपासून घ्यावे लागतात, तेव्हा सीए पहिल्यांदा हेच विचारतो. आमची दोन व्हाउचरं अजून बाकी आहेत, आजच्या सभेत घेते.