ऐरणीचा ओंडका: उंची, धाव आणि बैठक

ऐरण हलली की घाव वाया जातो. हातोड्याचा जोर लोखंडात उतरायच्या ऐवजी ओंडका डुगडुगण्यात जातो आणि संध्याकाळी खांदा भरून येतो. म्हणून बैठकीत कंजुषी नको.

आधी उंची ठरवा. कामाची पादत्राणं घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. बोटांच्या पेरांपर्यंत ऐरणीचा माथा यायला हवा. साडेपाच फुटी माणसाला ही उंची साधारण ७२ सेंमी येते. पन्नासेक किलोची ऐरण २५ सेंमी उंच असेल, तर ओंडका ४७ सेंमीचा. समोरून दुसरा माणूस घण मारणार असेल तर यातून ५-७ सेंमी कमी करा. ऐरण उंच झाली की हातोडा तिरका पडतो आणि कामावर त्याच्या कडेचे चंद्रकोरीसारखे वळ उठतात. ते दिसले की आधी उंची तपासा, मग हाताला दोष द्या. बसून काम करणाऱ्या लोहाराचं गणित निराळं. त्याची ऐरण जमिनीलगतच हवी, ओंडका पुरलेला.

लाकूड बाभळीचं. चिवट, जड आणि घावाला दबत नाही. ४५ सेंमी व्यासाचा, ४७ सेंमी उंचीचा वाळलेला ओंडका ५५-६० किलो भरतो. लाकूड झाडात होतं तसंच उभं ठेवायचं. आडवं ठेवलं तर महिनाभरात खड्डा पडतो. याहून रुंद ओंडका घेतला तर पाय अडतात आणि कामावर वाकावं लागतं.

ओल्या ओंडक्यावर मात्र घाई नडते. लाकडातलं पाणी कापलेल्या तोंडातून सगळ्यात वेगानं उडतं, म्हणून भेगा तिथूनच सुरू होतात. कापल्या दिवशीच दोन्ही तोंडांना जुना ऑइलपेंट फासा आणि निदान दीड-दोन वर्षं सावलीत ठेवा. तेवढा धीर नसेल तर जुन्या वाड्याच्या पाडकामातल्या सागवानी तुळया बघा. त्या आधीच वाळलेल्या असतात. १० × १० सेंमीचे सोळा तुकडे उभे जुळवून, १६ मिमीच्या आटेवाल्या सळया दोन्ही दिशांनी वेगवेगळ्या उंचीवर आरपार घालून, मोठे वायसर लावून आवळले की ४० सेंमीचा चौकोनी ठोकळा होतो.

गोल ओंडक्याला लोखंडी धाव हवीच, बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशीच. दोन चढवा, एक वर, एक खाली. धाव बसेल तिथे वाकसानं तासून ओंडका गोल करा. पट्टी ४० × ५ मिमी. लांबी काढताना बहुतेक जण इथे चुकतात: नुसता घेर धरला तर पट्टी कमी पडते, कारण वाकताना तिची जाडी घेरात खर्च होते. घेर १४१४ मिमी असेल तर त्यात जाडीच्या ३.१४ पट, म्हणजे १६ मिमी मिळवा आणि आवळ म्हणून ५ वजा करा. पट्टी १४२५ मिमीची. टोकं घासून उतरती करा, म्हणजे वेल्डिंग आरपार जाईल. धाव मंद लाल तापली की घेर १० मिमीच्या आसपास वाढतो, पण व्यासात फट मिळते जेमतेम दीड-दोन मिमी. त्यामुळे दोन सांडशा, दोन माणसं आणि पाण्याच्या बादल्या आधीच हाताशी हव्यात. बसली की लगेच पाणी, नाहीतर खालचं लाकूड जळून धाव पुन्हा सैल.

माथा रंध्यानं सपाट करा. ऐरणीच्या बुडाला खडू चोळून ती ठेवा, उचला. पांढरं उमटेल तेवढंच तासा. मधला भाग २-३ मिमी खोल ठेवला तर ऐरण कडांवर टेकते, डुलत नाही. ओंडक्याच्या बुडालाही मधून २ सेंमी खोल चर मारून तीन पाय सोडा. तीन पाय कुठल्याही जमिनीवर बसतात.

ऐरण जखडायला वरून उभे स्क्रू ठोकू नका. लाकडाच्या तोंडात आटे धरत नाहीत, आठवड्यात ढिले होतात. ऐरणीच्या पायांवर ५० × १० मिमीची पट्टी आडवी टाका. तिच्या दोन्ही टोकांतून १२ मिमीच्या सळया १५ सेंमी खाली उतरवा. तिथे बाजूनं २५ मिमीचं भोक पाडून २४ मिमी गोल गजाचा आटे पाडलेला तुकडा सरकवा. सळई त्यातच पिळायची. बुडाखाली सिलिकॉनचा पातळ थर दिला तर कानठळ्या बसवणारा आवाज बराच उतरतो. रबराची जाड चटई मात्र नको, ऐरण उसळते.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये नट पुन्हा आवळा. धाव सैल वाटली तर लोखंडी पाचर ठोका. ओंडका जमिनीत पुरायचा असेल तर पुरणारा भाग डांबरानं माखा, खाली दगड घाला आणि भोवती मुरूम थराथरानं धुमसा. डांबर चुकवलं तर वाळवी लागलीच म्हणून समजा.