फंकची पहिली मात्रा

'फंक' ही आज संगीताची एक शैली, पण हा मुळात घामाच्या, अंगाच्या वासाचा शब्द. चारचौघांत उच्चारू नये असा. कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांनी तो उचलला आणि ज्या वादनात घाम जाणवतो त्याला कौतुकाने लावला. पुढे 'ब्लॅक' या शब्दाचंही तेच झालं, आणि त्यात या संगीताचा मोठा हात होता. पण शब्दांकडे जाण्याआधी मात्रा मोजू, कारण फंकचं राजकारण मला आधी ठेक्यातच दिसतं.

एक, दोन, तीन, चार. फंकच्या आधीच्या रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीतात स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा जोर दोन आणि चारवर. गायक आणि बँडप्रमुख जेम्स ब्राऊनने १९६५ च्या सुमारास सगळ्या बँडचं वजन एकवर आणलं. वादक त्याला 'द वन' म्हणतात. सम म्हटलं की कल्पना येते. समेवर सगळ्यांनी एकत्र उतरायचं, मधल्या जागेत प्रत्येकाने आपली छोटीशी आकृती धरून ठेवायची.

ब्राऊनचं १९६७ चं 'कोल्ड स्वेट' नीट ऐका. मुख्य भाग एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच गटावर फिरतो. पुढच्या कॉर्डची वाट बघायची सोय नसल्याने कान आपोआप ठेक्याकडे जातो. ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड पहिल्या बारमधला, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनातला, चारचा फटका अर्धी मात्रा उशिरा मारतो. पाऊल तिथे अडखळतं आणि पुढे एकवर सावरतं.

वाजवून बघायचं असेल तर एका बारचे सोळा बारीक भाग करा. गिटारवाल्याचा उजवा हात सोळाही भागांवर खाली-वर चालूच राहतो. डावा हात तारा दाबतो त्या मोजक्याच ठिकाणी. एरवी बोटं नुसती टेकलेली, म्हणून सूर न निघता 'चक' वाजतं. सूर नको तिथे उजवा हात थांबवला की पुढचा सूर घाईत येतो. ड्रमवर मुख्य फटक्यांच्या मधले हलके फटके, म्हणजे घोस्ट नोट्स, काठी दोन-तीन सेंटिमीटरच उचलून मारायच्या. त्या मोठ्या झाल्या की दोन-चारचा जोर बुडतो. सगळ्यात घातक सवय मात्र बेसवाल्याची: रिकामी जागा दिसली की भरून टाकायची. ती जागा रिकामी नसते, तिथे दुसरा कुणीतरी बोलत असतो.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्ये हत्या झाली. दुसऱ्या दिवशी बॉस्टन गार्डनमध्ये ब्राऊनचा कार्यक्रम होता. दंगल टाळायला लोकांनी घरीच थांबावं म्हणून तो टीव्हीवर थेट दाखवला गेला. त्याच ऑगस्टमध्ये 'से इट लाउड, आय ॲम ब्लॅक अँड आय ॲम प्राउड' ध्वनिमुद्रित झालं. चर्चमधल्या हाक आणि प्रतिसादाची रीत इथे फार हुशारीने वापरली आहे. ब्राऊन फक्त 'मोठ्याने म्हणा' एवढंच म्हणतो. 'मी ब्लॅक आहे आणि मला त्याचा अभिमान आहे' हे वाक्य मुलांचा घोळका पुरं करतो. रेडिओसमोर बसलेल्यालाही तोच अर्धा भाग म्हणावा लागतो. तोवर सभ्य शब्द 'निग्रो' होता, तोंडावर 'ब्लॅक' म्हणणं अपमानाचं. गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत सहा आठवडे पहिलं राहिलं.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने तर १९७० मध्ये स्वतःचाच बँड काढला, 'द लम्पेन'. गाणारे चौघंही पक्षाचे साधे कार्यकर्ते. लोकांना पाठ असलेल्या सोल गाण्यांच्या, म्हणजे त्या काळच्या लोकप्रिय कृष्णवर्णीय गाण्यांच्या चालींवर ते नवे शब्द बसवत. चाल आधीच ओठांवर असल्याने घोषणा शिकवावी लागत नसे. मात्र फंक म्हणजे पँथर असं समीकरण मांडू नये. १९७२ मध्ये ब्राऊनने राष्ट्राध्यक्ष निक्सनना पाठिंबा दिला आणि त्याचेच चाहते दुखावले.

बँडच्या आतही सत्तेचा प्रश्न होताच. चुकीचा सूर लागला की ब्राऊन वादकांना दंड करायचा. मार्च १९७० मध्ये पैशांच्या वादावरून बँडमधले बहुतेक जण निघून गेले आणि सिनसिनाटीहून आलेली बेसवादक बूट्सी कॉलिन्सची पोरं त्यांच्या जागी उभी राहिली. ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्याचा ठेका स्टबलफील्डने नोव्हेंबर १९६९ मध्ये वाजवला. पुढे तो असंख्य हिप-हॉप गाण्यांत कापून वापरला गेला. पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटाच्या १९८९ च्या 'फाइट द पॉवर'मध्येही तोच आहे. रचनाकार म्हणून नाव ब्राऊनचं एकट्याचं. त्या ठेक्याची रॉयल्टी स्टबलफील्डच्या वाट्याला आली नाही.