काढलं तेवढं घालायचं

‘शाळेविषयी काहीही लिहा’ असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं. इमारत, निकाल, स्नेहसंमेलनं यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी बोर्डिंगच्या पाणी तापवायच्या बंबाविषयी लिहितो, म्हणजे सरांविषयीच. बोर्डिंगात नुसतं ‘सर’ म्हटलं की ते एकच. बाकीच्यांना आडनाव लावावं लागे.

सर शिकवायचे विज्ञान, राहायचे बोर्डिंगात, आणि दिवाळी सरली की पहाटे चारला न्हाणीघराच्या ओट्यावर असायचे. सोलापूरची थंडी तशी बेताचीच, डिसेंबरात पहाटेचा पारा सरासरी १५-१६ अंश. पण उघड्या हौदात रात्रभर निवलेलं पाणी अंगावर घेताना सरासरी काही कामाची नसते.

बंब तांब्याचा, ४० लिटरचा. मधून उभी नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, तळाशी जाळी, बाजूला खालच्या अंगाला तोटी. सरांचा क्रम कधी चुकला नाही. आधी पाणी, तेही काठोकाठ नाही, चार बोटं कमी. तापलं की ते फुगतं. मग जाळीखालची कालची राख काढायची. ती साचली की खालून हवा येत नाही आणि धूर न्हाणीत कोंडतो. मग तुराट्या आणि ज्वारीची वाळकी धसकटं. जाळ नळीच्या तोंडाशी दिसला की मगच बाभळीचे तुकडे, वीतभर लांब आणि अंगठ्याएवढे जाड. त्याहून जाड तुकडा नळीत अडकतो. ओलं लाकूड तर सर हातात धरूनच ओळखत. त्याने नळीला आतून काजळी धरते आणि आच पाण्यापर्यंत पोचत नाही. दर रविवारी बंब गार असताना काठीला काथ्याचा बोळा बांधून नळी वरून खाली पुसायची. बोअरच्या पाण्याने आतून पांढरा क्षार धरे, त्याला चिंचेचं पाणी रात्रभर.

तुराट्या एका शिपायाच्या गावाहून बैलगाडीने यायच्या, फुकट. गाडी परत जाताना सर तिच्यात चाळलेल्या राखेची पोती चढवत. शेताला पालाश मिळतं म्हणून. रिकामी गाडी परत गेलेली कुणी पाहिली नाही.

जाळ लागला की सर एकदा हात जोडत. कुणाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं शेजारी उभी. ज्याने त्याने आपापलं समजावं. मग एकच वाक्य: “काढलं तेवढं घालायचं.”

त्याचं गणित त्यांनी फळ्यावर करून घेतलं होतं. बंबात ४० लिटर पाणी, ७० अंश. एका पोराने अर्धी बादली, म्हणजे ७ लिटर काढलं आणि तेवढंच २० अंशांचं गार घातलं, तर बंब उतरतो ६१ वर. दुसऱ्याने तेच केलं की ५४ वर. तिसऱ्याला कोमट. म्हणून पाण्याबरोबर लाकूडही घालायचं. ७ लिटर पाणी ५० अंशांनी तापवायला ३५० किलोकॅलरी लागतात. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३५०० धरल्या, तर पुस्तकाप्रमाणे १०० ग्रॅम पुरे. प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट लागतं, कारण बरीच आच नळीतून वर निघून जाते. तेव्हा प्रत्येकाने अर्धी बादली पाणी आणि तीन-चार तुकडे ठेवून जायचं, मागे कोण उभा आहे हे न बघता. विज्ञानाचा इतका उपयोगी तास पुढे कॉलेजातही झाला नाही, असं माझं मत आहे.

एका वर्षी कुणीतरी घाईत काढत राहिला आणि घातलं नाही. पाणी नळीच्या निम्म्याखाली गेलं. जाळ चालूच होता, उघड्या पडलेल्या नळीच्या वरच्या सांध्याचा डाख वितळला. पुढच्याने गार पाणी ओतलं, ते चिरेतून थेट विस्तवावर आणि सगळी न्हाणी वाफेने भरली. सरांनी ‘कोण?’ एवढंही विचारलं नाही. बंब तांबटाकडे गेला. तो परत येईपर्यंत सर हौदाच्या पाण्याने आंघोळ करत होते, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांसमोर. मला वाटतं, ज्याने केलं त्याला ते पुरलं.

१२ जानेवारीला मात्र बंब मुद्दाम बंद. १९३१ साली त्या दिवशी सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. गार पाण्याने आंघोळ करून हुतात्मा चौकापर्यंत चालत जायचं, भाषण नाही. आणि लगेच भोगीला उलट. सिद्धेश्वराच्या यात्रेत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघणारे नंदीध्वज बघायला पोरं अधीर, म्हणून बंब अडीचलाच पेटायचा, प्रत्येक बादलीत चिमूटभर तीळ.

मी सध्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर आहे, प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र आहे. पाळी सुरू झाली की आधी पातळीची काच बघायची. काचेत पाणी दिसत नसेल तर आधी आच तोडायची. तापल्या नळ्यांवर एकदम गार पाणी सोडायचं नाही. नव्या पोरांना हे शिकवताना तोंडात सरांचंच वाक्य येतं.

बोर्डिंगवर आता सोलर बसलंय. चांगलंच आहे, धूर नाही. पण गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपात रात्रभर निवलेलं पाणी पहिल्यांदा येतं, आणि ते सरळ मोरीत सोडलं जातं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात हे बघवत नाही. तोटीखाली एक रिकामं पिंप ठेवावं, ते पाणी झाडांना जाईल. पाइपाला उबदार वेष्टणही घालून घ्यावं.

बंब कोठीघरात पडला आहे, असं कळलं. मोडीत घालू नये. रात्रभर पाणी भरून ठेवून नळी कुठे झिरपते ते बघावं आणि खूण करावी. तांबट आम्ही आणू. डाखाचा आणि नव्या तोटीचा खर्च आमच्या तुकडीकडे.