तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघ्यात कॉम्प्युटरचं काय काम?

उद्यमनगरात लेथ चालवणारे माझे मामा दर भेटीला विचारतात, "हाड छाटायचं, धातूची टोपी बसवायची. माप बरोबर घेतलं की झालं. त्यात तू कॉम्प्युटरवर काय करतोस रं?"

मामा, आपल्या आक्काच्या गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचंच बघा. लोक 'वाटी बदलली' म्हणतात, वाटी बऱ्याचदा जागेवरच असते. बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं. तिच्या एक्सरेत माप चोख होतं. तरी जोतिबाच्या पायऱ्या उतरताना गुडघा सुटल्यासारखा व्हायचा. दोष लिगामेंटच्या, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांच्या ताणात होता, आणि एक्सरेत लिगामेंट दिसतच नाही.

पाय वर्षानुवर्षं धनुष्यासारखा वाकला की आतली पट्टी आखडते, बाहेरची सैल पडते. सर्जनला हाडांमधली फट पाय सरळ असताना आणि काटकोनात असताना सारखी आणायची असते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक जास्त छाटलं तर फट सरळ पायातच वाढते. नडगीचं छाटलं तर सरळ आणि वाकवलेल्या, दोन्ही स्थितींत. मांडीच्या हाडावरची टोपी दोन-तीन अंश फिरवली तर वाकवलेल्या गुडघ्यात एक बाजू सैल, दुसरी घट्ट. छाटलेलं हाड परत जोडता येत नाही. कॉम्प्युटरवर मात्र तोच गुडघा मी पन्नास वेळा छाटून बघतो, पायऱ्या उतरतानाच्या मधल्या अंशांतसुद्धा.

तिथं हाडाचा आकार सीटी स्कॅनवरून येतो आणि लिगामेंटच्या जागी स्प्रिंग असते. ही स्प्रिंग जरा वेगळी. ताणायला लागलं की आधी आतले कुरळे तंतू नुसते सरळ होतात, जोर लागत नाही. मग ती कडक होते. म्हणून ताण नसतानाची मूळ लांबी कळणं सगळ्यात महत्त्वाचं. आतली पट्टी साधारण १०० मिमी. अंदाज २ मिमी चुकला तर सैल पट्टी कॉम्प्युटरवर घट्ट दिसू शकते. ही लांबी स्कॅनमधून मोजता येत नाही. तिच्याशिवाय काढलेल्या, ताण दाखवणाऱ्या रंगीत चित्रांवर माझा विश्वास नाही.

ती मिळते सर्जनच्या हातातून. भूल दिल्यावर ते पाय डावी-उजवीकडे दाबतात, सांधा किती उघडतो ते बघतात. मॉडेलमधला सांधा तेवढाच उघडेपर्यंत मी लांबी बदलत राहतो. तुम्ही बेअरिंग हातानं हलवून प्ले, म्हणजे सैलपणा बघता ना, तेच हे. फक्त इथं तो प्ले मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावा लागतो.