अंगणातली खुर्ची: आधी उठून बघा

वयस्कर माणसांसाठी बाहेर ठेवायची खुर्ची घ्यायची म्हटलं की हात आपोआप ऐसपैस, खोलगट, मागे रेललेल्या खुर्चीकडे जातो. बसल्या बसल्या बरं वाटतं आणि तेवढ्यावर ती पसंत होते. तिची खरी परीक्षा अर्ध्या-पाऊण तासाने, उठायच्या वेळी असते. खुर्चीतून एकट्याने उठता येत नसेल तर माणूस दर वेळी कुणाला तरी हाक मारतो, आणि हाका मारायचा कंटाळा आला की बाहेर बसणंच सोडतो.

म्हणून आधी उठणं म्हणजे काय ते बारकाईने बघू. माणूस कडेपर्यंत पुढे सरकतो, पावलं गुडघ्यांच्या मागे ओढतो, छाती पुढे झुकवतो, हातांवर जोर देतो आणि मग वर येतो. यातलं एक जरी खुर्चीने अडवलं तर सगळा भार गुडघ्यांवर पडतो.

सगळ्यात आधी उंची. बसणाऱ्याने रोजच्या चपला घातलेल्या असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत मोजा. बैठक तेवढीच किंवा 2 ते 5 सेंमी जास्त उंच हवी. बहुतेकांना 45 ते 50 सेंमी जमते. बागेतल्या लोळायच्या खुर्च्या 30-35 सेंमीवरच असतात, त्या इथे बाद. उलट फार उंच खुर्चीत पाय लोंबकळतात आणि मांडीखाली कड रुतते; टाचांसकट तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर उंची डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा. घरातल्या दोघांच्या उंचीत बराच फरक असेल तर दोन वेगळ्या खुर्च्या घ्या. ठेंगण्या माणसासाठी पायाशी पाट ठेवायचा उपाय सुचतो खरा, पण उठताना पाय त्यालाच अडखळतो.

मोजताना गादीचा घोटाळा होतो. मऊ फोमची 8 सेंमीची गादी माणूस बसल्यावर सहज निम्मी होते, म्हणजे कागदावरची 48 सेंमी उंची प्रत्यक्षात 44 भरते. माप गादी दाबलेली असतानाच घ्या. घट्ट फोमची 3 ते 5 सेंमीची गादी पुरते, मात्र तिला मागे बांधायला नाड्या हव्यात. सुटी गादी उठताना माणसाबरोबर पुढे घसरते.

बैठकीची खोली 40 ते 45 सेंमी. पाठ टेकून बसल्यावर कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. बैठक जास्त खोल असेल तर पाठ टेकत नाही, माणूस पुढे घसरून पोक काढून बसतो. घेतलेलीच खुर्ची अशी निघाली तर पाठीमागे घट्ट उशी द्या. पुढची कड मागच्यापेक्षा 3 सेंमीहून जास्त उंच नको, नाही तर उठताना स्वतःला चढावर ढकलावं लागतं. आणि बैठकीखाली पुढच्या बाजूला आडवी पट्टी नको. दुकानात तिच्याकडे लक्ष जात नाही; पावलं मागे घ्यायला गेलं की टाच तिच्यावर आपटते.

खुर्चीचे हात ही चैन नव्हे. दाबलेल्या बैठकीपासून 18 ते 23 सेंमी उंच, बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले आणि मुठीत धरता येतील असे हवेत. अर्ध्यातच संपणाऱ्या हातांचा उठताना उपयोग नाही, कारण तोवर माणूस त्यांच्या पुढे सरकलेला असतो. बाक घेत असाल तर मधेही एखादा हात असलेला बघा. दगडी बाकाला सहसा हातही नसतात, पाठही नसते. घटकाभर टेकायला तो ठीक.

आता पडण्याच्या वाटा. हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या एकाच हातावर जोर पडला की ती कलते, आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय फाकतात. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, किंवा पाय आणि बैठक जुळतात तिथे केसासारखी चीर दिसली, तर ती मोडीत काढा; गोंदाने ती सांधत नाही. दोन खुर्च्या एकात एक घालून बसवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण आतली खुर्ची तडकली तर कुणाला दिसत नाही. उंची वाढवायला पायांखाली विटा तर कधीच नकोत. सुताराकडून चारही पायांना जोडणारी लाकडी चौकट करून घ्या.

घडीची खुर्ची पक्की खिट्टी असेल तरच घ्यावी. झोपाळा आणि डुलती खुर्ची यांची खोड अशी की टेकायला जावं तर पोटरीचा धक्का लागून ती मागे सरते. बसता-उठताना ती अडकवून ठेवायची सोय नसेल तर नको.

चांगली खुर्चीही वाईट जमिनीवर फसते. मातीत, विशेषतः पावसानंतर, एक पाय रुततो आणि भार टाकला की खुर्ची कलंडते. खाली सपाट फरशी घाला, आणि ती पुढे निदान 60 सेंमी जास्त येऊ द्या, कारण उठणाऱ्याची पावलंही घट्ट जमिनीवर हवीत. वॉकर असेल तर समोर 90 सेंमी मोकळं सोडा. खुर्चीच्या पायांचे रबरी बूट झिजले की लगेच बदला. खुर्ची आणि फरशी एकाच रंगाची असेल तर कमी दिसणाऱ्याला कड कळत नाही; पुढच्या कडेला उठून दिसणारी चिकटपट्टी लावली तरी काम भागतं.

लोखंड उन्हात चटका देतं, म्हणून सावली कुठून कुठे सरकते ते दिवसभर बघून जागा ठरवा. लाकूड त्या मानाने कमी तापतं, फक्त कूस (बारीक फास) निघू लागली की घासून तेल द्यावं लागतं. म्हातारपणी कातडी पातळ होते, साध्या ओरखड्यानेही फाटते. बोल्टची बाहेर आलेली टोकं, वेताच्या तुटक्या काड्या हाताने चाचपून बघा.

घेण्याआधी ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनाच, त्यांच्या नेहमीच्या चपलांवर, निदान 20 मिनिटं बसवा. मग कुणाचा हात न धरता उठायला सांगा. उठण्याआधी कडेवर अर्धा मिनिट थांबून घोटे वरखाली करायला लावा. बराच वेळ बसून झटकन उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. झोका घ्यावा लागला किंवा दुसऱ्या प्रयत्नात उठता आलं, तर ती खुर्ची परत ठेवा. त्यांना नेणं शक्य नसेल तर घरी ज्या खुर्चीतून ते सहज उठतात तिची बैठक आणि हात सुतळीने मोजा, गाठी मारा आणि ती सुतळी खिशात घालून दुकानात जा.