तुम्ही विचारलंत म्हणून: औषधात कोलेस्टेरॉल कशाला?

औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर, म्हणजे नॅनोकणांवर, काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: “जे कमी करायला डॉक्टर गोळ्या देतात, तेच तुम्ही औषधात घालता?”

हो, घालतो. आणि चांगलं सढळ हाताने. 2018 साली मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे औषध आरएनएचे तुकडे मेदाच्या कणांत भरून यकृतापर्यंत नेतं. त्या कणांतल्या दर शंभर मेदरेणूंपैकी अडतीसएक कोलेस्टेरॉलचे असतात. कोविडच्या एमआरएनए लशींतही प्रमाण साधारण तेवढंच. फायझरच्या मूळ लशीच्या एका डोसात ते 0.2 मिलिग्रॅम होतं. आपलं शरीर रोज त्याच्या हजारो पट कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतं.

सगळी करामत रेणूच्या घडणीत आहे. एकमेकींना जोडलेली चार कडी, त्यामुळे मधला भाग ताठ आणि चपटा. एका टोकाला पाण्याशी जमवून घेणारा इवलासा हायड्रॉक्सिल गट, दुसऱ्या टोकाला लवचीक शेपटी. पटलातल्या, म्हणजे मेदाच्या पातळ पडद्यातल्या, मेदरेणूंच्या मधल्या फटींत हा रेणू नेमका बसतो. त्या मेदरेणूंच्या शेपट्या फार वळवळत असतील तर त्यांना आवरतो. गारठून घट्ट रचल्या जात असतील तर मोकळं ठेवतो. दोन उलट कामं एकाच रेणूने करावीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. कोलेस्टेरॉल नसलेले लायपोसोम (मेदाच्या पटलाचे पोकळ गोळे) रक्तात सोडले, तर रक्तातलं एचडीएल, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचे कण, त्यांचे मेदरेणू ओढून घेतं आणि आतलं औषध वाटेतच गळतं.

डीएनएच्या बाबतीत तर कोलेस्टेरॉल नांगराचंच काम करतं. डीएनएला पाणी प्रिय, त्यामुळे ते मेदाच्या पटलात आपणहून शिरत नाही. 2012 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी डीएनएच्या घड्या घालून एक सूक्ष्म नळी बनवली आणि तिला 26 कोलेस्टेरॉल रेणू जोडले. ते रेणू पटलात रुतले, नळी आरपार गेली आणि तिच्यातून आयन (विद्युतभार असलेले कण) वाहू लागले.

डॉक्टर ज्यासाठी गोळ्या देतात, ते रक्तवाहिन्यांचं दुखणं वेगळं. तिथे वर्षानुवर्षं रक्तात जास्त राहिलेले एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण भिंतीत साचत जातात. पण एक नातं खरं आहे. शिरेतून दिलेल्या आमच्या कणांना रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई नावाचं प्रथिन चिकटतं आणि यकृताच्या पेशी, एलडीएल आत घेतात त्याच वाटेने, त्यांनाही आत घेतात. पॅटिसिरानला हे पथ्यावर पडलं. औषध फुप्फुसाकडे न्यायचं असेल तर मात्र यकृताची हीच ओढ आडवी येते, आणि आमची बरीचशी खटपट सध्या तिथेच चालू आहे.